हार्डांगरचा उल्हास

गाव कुठलं असं विचारलं की माणूस गावाचं नाव सांगतो. उल्हासनं खिशातून मोबाइल काढला आणि मला धबधबा दाखवला.

इथं आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डाच्या कँटीनमध्ये आमची ही पहिली भेट झाली. समोरचा माणूस चांगला सावळा, कपाळ रुंद, मिशा झुपकेदार, आणि हेल्मेट काखेत धरायची ऐट थेट आपल्याकडच्या फौजदारासारखी. सातारा-कऱ्हाडकडचा कोणीतरी नवा इन्स्पेक्टर आलाय असं समजून मी सरळ मराठीत सुरुवात केली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाला, "मला यातलं काही कळलं नाही. पण मी कुठला ते तुम्ही विचारताय बहुतेक. सगळे तेच विचारतात." मग मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरव्या डोंगरावरून पडणारं पांढरंशुभ्र पाणी, आणि त्या पाण्याच्या मागून जाणारी पायवाट. "याच्या मागून चालत जाता येतं. इक्के सांत?"

'इक्के सांत' म्हणजे नॉर्वेजियन भाषेत 'हो की नाही'. हे त्याचं पालुपद. दर दोन वाक्यांमागे ते यायचं, आणि समोरच्याला होच म्हणावं लागायचं. महिनाभरात आमचं अर्धं यार्ड अरबी 'यल्ला' आणि 'खलास'च्या जोडीला 'इक्के सांत' म्हणायला लागलं.

नाव त्याचं ऊलाव. आमचं गिऱ्हाईक नॉर्वेतलं, आणि त्यांची ऑर्डर पुरी होईपर्यंत वेल्डिंग तपासायला त्यांनी याला पाठवलेलं. आमचा वेल्डिंगचा फोरमन सदाशिव पवार हा लांज्याचा. त्यानं हे नाव ऐकलं आणि जाहीर केलं, की ऊलाव वगैरे काही नाव नसतं, मूळचा उल्हासच असणार, परदेशात राहून जीभ वळली असेल. तेव्हापासून तो उल्हास सर झाला. त्याला ते आवडलंही.

गेटवरचा वॉचमन त्याच्याशी हिंदीत बोलायचा आणि हा नुसता हसायचा. वॉचमनची पक्की समजूत, की हा आपलाच माणूस आहे आणि साहेबी दाखवतोय.

उल्हासचा मुलूख म्हणजे हार्डांगर. नॉर्वेच्या पश्चिमेला समुद्र डोंगरांच्या मधून मैलोन्‌मैल आत घुसलाय. तिकडं त्याला फ्योर्ड म्हणतात. त्याच्या दोन्ही काठांना सफरचंदाच्या बागा, वर बारमाही बर्फ. हे मला शाळेत भूगोलाच्या बाईंनीही इतकं नीट शिकवलं नव्हतं. आमच्याकडं काम सुरू करण्याआधी रोज सकाळी सगळ्यांना उभं करून सुरक्षिततेच्या सूचना देतात. उल्हास आल्यापासून त्या सभेची सुरुवात फोटोनं व्हायला लागली. आज लाकडी पांढरं चर्च, उद्या फुलावर आलेली सफरचंदं, परवा दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला कातळ. गॉगल, हातमोजे, सेफ्टी बेल्ट हे त्याच्यानंतर.

लोकांनी यातून त्यांच्यापुरता अर्थ काढला होता. वेल्ड चांगला जमला असेल तर उल्हास नुसता अंगठा वर करायचा. नापास करायचा असेल तर त्याच्या जिवावर यायचं, म्हणून आधी मोबाइल काढायचा. धबधबा दाखवला तर थोडक्यात निभावलं. सफरचंदाची बाग दाखवली की आपण ग्राइंडर काढून तेवढा भाग घासायचा. आणि तो हळुवार आवाजात बर्फाच्या नदीविषयी बोलायला लागला की समजायचं, जॉइंट अख्खा कापून नव्यानं करायचा.

सदाशिवला मात्र तो धबधबा झोंबला होता. आमच्या मार्लेश्वरालाही पडतो, म्हणून त्यानं त्याचा फोटो पुढे केला. उल्हासनं तो मोठा करून, मोबाइल आडवा-उभा करून पाहिला, मनापासून वाहवा केली आणि विचारलं, "मागून जाता येतं?" सदाशिवनं रात्री गावी फोन लावून चुलतभावाला कामाला लावलं. तो बिचारा पावसात रत्नागिरी जिल्ह्यातले धबधबे पालथे घालत फिरला, एका ठिकाणी घसरून गुडघा फोडून घेतला, आणि शेवटी कुठल्याशा ओढ्यावर पाण्यामागं वाकून बसलेला स्वतःचा फोटो त्यानं पाठवला. पाणी कमरेएवढ्या उंचीवरून पडत होतं. उल्हासनं ते हार्डांगरच्या तोडीचं असल्याचं मान्य केलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचेच मोबाइल बाहेर यायला लागले. कोणाची नेपाळातली शाळा, कोणाचं केरळातलं तळं. आमच्या यार्डात लोकांची गावं पहिल्यांदा एकमेकांना भेटली ती उल्हासमुळं.

एका रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. आम्ही यार्डाजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. माझी बायको शुभांगी हिला माणूस जेवायला घालायचा आणि त्याची सगळी माहिती काढून घ्यायची, या दोन्ही गोष्टी एकत्रच जमतात. दुसरी पोळी वाढताना तिनं विचारलं, आई-वडील कुठं असतात. त्यानं सरळ सांगून टाकलं. तो पुण्यातल्या एका अनाथाश्रमातला. तान्हा असताना नॉर्वेच्या नवरा-बायकोनं दत्तक घेतला. वडील गेले, आई हार्डांगरला असते.

शुभांगीच्या हातातली पोळी हातातच राहिली. मग तिनं जे सुरू केलं ते मला आवरता येईना. नाक बघा, हे नाक कोल्हापूरकडचं. आश्रमात चौकशी करू, माझा मामेभाऊ पुण्यातच आहे, मूळ गाव सापडेल. मी अडखळत भाषांतर करत होतो. आमची मुलगी ईरा मान वर न करता म्हणाली, "आई, ही ऑलरेडी टोल्ड यू. ही इज फ्रॉम हार्डांगर."

उल्हास तिच्याकडं पाहून हसला. शुभांगीला तो म्हणाला, "तुम्ही प्रेमानं म्हणताय, मला कळतं. ऑस्लोतही लोक मला विचारतात, खरा कुठला. पुण्याला एकदा गेलो होतो, तिथंही तेच. मला एक गाव आहे. थांबा, दाखवतो." आणि भाजीचं बोट पुसून त्यानं मोबाइल काढला. शुभांगीनं त्या दिवशी चर्च, बागा आणि बर्फ सगळं पाहिलं.

जानेवारीत त्याची आई आली. सुलवाई तिचं नाव, वय ऐंशीच्या पुढचं, उंच, काठीसारखी ताठ, केस कापसासारखे. हिवाळ्यात त्यांच्या गावावर सूर्य डोंगराच्या वरच येत नाही. कित्येक आठवडे सगळी सावलीच. त्यामुळं इकडं आल्यापासून ती उल्हासच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पापड वाळत घालावा तशी उन्हात बसायची.

मायलेकांची जोडी बाहेर पडली की घोटाळे व्हायचे. एका दुकानात बूट घ्यायला गेले, तर सेल्समन तिला अदबीनं म्हणाला, मॅडम, तुमचा ड्रायव्हर बाहेर थांबला तरी चालेल. ती म्हणाली, हा माझा मुलगा आहे आणि बूट त्यालाच हवेत. सेल्समनचा चेहरा एवढा पडला, की उल्हासला त्याचीच दया आली. बूट राहिले बाजूला, हा त्याला धबधबा दाखवत बसला. ही हकिगत त्यानं आम्हाला हसत हसत सांगितली. सुलवाई हसली नाही. ती त्याच्या गाडीत कायम पुढच्याच सीटवर बसायची, ते का, हे मला त्या दिवशी समजलं.

शुभांगीशी तिची गट्टी जमली. दोघींचं इंग्रजी बेताचंच, त्यामुळं उलट बरं जमलं. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या असताना शुभांगीनं तिला विचारलं, की हा सारखे फोटो का दाखवतो. मी दाराशीच उभा होतो.

म्हातारी म्हणाली, "लहान होता तेव्हा शाळेतली मुलं त्याला विचारायची, तू खरा कुठला. एके दिवशी घरी येऊन त्यानं मलाच विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग त्या उन्हाळ्यात मी कामावरून सुट्टी घेतली. बोटीनं, बसनं सगळं हार्डांगर फिरलो. प्रत्येक ठिकाणी त्याला उभं करायचं आणि सांगायचं, बघून घे, हे तुझं आहे. कोणी विचारलं तर हे सांग." तिनं मेथीची काडी मोडली. "तो हे इतकं मनावर घेईल असं नव्हतं वाटलं मला."

शुभांगी हसली, आणि पदरानं डोळेही पुसले.

परत जायच्या आदल्या दिवशी सुलवाईनं हट्ट धरला, की आता तू तुझं दाखव. मॉल आणि मोठी मशीद तिची बघून झाली होती. तिला मुलगा काम करतो ती जागा बघायची होती. मी गेट पास काढून दिला. रविवार होता, तरी सदाशिव ओव्हरटाइमला होता. त्यानं तिच्यासाठी हेल्मेट पुसून ठेवलं होतं. उल्हासनं आईला सगळं यार्ड दाखवलं. ही क्रेन, ही रंगाची शेड, हा सदाशिवचा जॉइंट, हा एकदाही नापास झाला नाही. त्या जॉइंटवरून म्हातारीनं हात फिरवला आणि सदाशिवचा हात दोन्ही हातांत धरला. सदाशिव वाकून पायाच पडला तिच्या.

मग आम्ही माझ्या घरी जेवायला निघालो. उल्हास गाडी चालवत होता, आई शेजारी, मी मागं. वर्कशॉपच्या गल्ल्या संपून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती झोपून गेली. तोंड किंचित उघडं, हेल्मेटचा वळ अजून कपाळावर.

माझी बिल्डिंग आली, तर उल्हासनं गाडी थांबवली नाही. पुढच्या सिग्नलला वळून परत त्याच रस्त्यानं घेतली. मी काही विचारायच्या आत तो हलक्या आवाजात म्हणाला, "थांबलो की ती जागी होईल."

आम्ही शाळेवरून, मशिदीवरून, सुपरमार्केटवरून परत एक फेरी मारली. त्यानं एसीचा झोत आईच्या अंगावरून बाजूला वळवला.

"ती यापुढं येऊ शकणार नाही," तो म्हणाला. "डॉक्टरनं या खेपेलाच प्रवास नको म्हटलं होतं." मग म्हणाला, "मी हार्डांगरचा आहे, हे न विचारता माहीत असलेली ती एकटीच उरली आहे. तिच्यानंतर मी लोकांना नुसते फोटो दाखवणार."

मागून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

तेवढ्यात शुभांगीचा फोन आला. कुठं आहात, आमटी गार होतेय. मी कुजबुजत सांगितलं, की म्हातारीला झोप लागलीय, आम्ही खालीच फेऱ्या मारतोय, वेळ लागेल.

"लागू दे," शुभांगी म्हणाली. "मी पोळ्या नंतर करते."