परिसंवादात रडलेल्या बाई

साहित्य हे वाचण्यासाठी नसून त्यावर काम करण्यासाठी असतं, ही गोष्ट सामान्य माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. आमच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाला ती केव्हाच उमगली, म्हणूनच विभागाची प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी आहे. गेल्या वर्षी आम्ही एकेचाळीस परिसंवाद, एकोणीस कार्यशाळा आणि एक विचारमंथन (पंखा बंद पडल्यामुळे अर्ध्यावर थांबलेलं) पार पाडलं. याच काळात विभागात वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांची संख्या शून्य होती. निदान आमचा तसा समज होता. विभागाचं वार्तापत्र मीच काढतो, त्यामुळे आकडे मला तोंडपाठ आहेत.

अशा निकोप वातावरणात नव्या बाई आल्या. (येऊन दीड वर्ष झालं होतं, पण नोकरीत कायम होईपर्यंत आमच्याकडे माणूस नवाच असतो.) कामाला चोख, बोलायला नेमक्या. त्यांना कायम करायचं की नाही, हे त्या महिनाअखेरीस ठरायचं होतं.

आणि ‘वाचनाचं भवितव्य’ या परिसंवादात तो प्रकार घडला. विभागप्रमुख स्वतः शोधनिबंध वाचत होते. श्रोते नेहमीसारखे तल्लीन होते, म्हणजे निम्मे फोनमध्ये आणि उरलेले झोपेत. इतक्यात मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. मग दुसरा. नव्या बाई ढसाढसा रडत होत्या.

विभागप्रमुख थबकले. एवढ्या वर्षांत त्यांच्या निबंधांना जांभया मिळाल्या होत्या, एकदा घोरणंही, अश्रू पहिल्यांदाच. उरलेला निबंध त्यांनी इतका जीव ओतून वाचला की पहिल्या रांगेतले दोघं जागे झाले. संध्याकाळच्या आत वार्तापत्र निघालं : ‘प्रमुखांच्या शोधनिबंधाने श्रोते हेलावले.’ कुलगुरूंनी पाठ थोपटली. (फोनवरून जितकी थोपटता येते तितकी.)

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या लिपिकबाई सभागृहातून एक फाइल घेऊन आल्या.

“सर, ही नव्या बाईंची. आत कादंबरी आहे. उघडीच होती,” त्या म्हणाल्या. “पान अजून ओलसर आहे.”

विभागप्रमुखांनी नव्या बाईंना बोलावून घेतलं. वार्तापत्रासाठी मीही बसलो.

“संदर्भासाठी आणली होतीत ना?” सरांनी आशेनं विचारलं.

“नाही सर.”

“अभ्यासक्रमात आहे?”

“नाही.”

“मग वाचत कशाला होतात?”

“आवडली म्हणून.”

सरांनी टेबलावरची काच रुमालानं पुसली. मग म्हणाले, “म्हणजे काल तुम्ही रडलात ते...”

“धाकटी बहीण जाते ना, तिथे. सर, थोडीच पानं राहिलीत. पुस्तक द्याल का?”

पुस्तक आता पुरावा असल्यामुळे देता येत नव्हतं. ते कपाटात कुलूपबंद झालं आणि त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली गेली. पेच साधा नव्हता. बाई कादंबरी वाचून रडल्या असतील तर बातमी खोटी. बातमी खोटी तर वार्षिक अहवाल खोटा. आणि कुलगुरूंनी थोपटलेली पाठ परत कशी करायची, याचा नियमच नाही. तेव्हा एवढाच प्रश्न उरला : डॉक्टरेट आणि नियमित पगार असलेल्या माणसाला कादंबरी रडवू शकते का?

त्यासाठी कुणीतरी ती वाचणं भाग होतं. विभागप्रमुखांनी अनुक्रमणिका वाचायचं ठरवलं, ती नव्हतीच. मी मलपृष्ठ वाचलं (दोनदा). तिसरे सदस्य टीप-सर. त्यांच्या गेल्या निबंधात मजकूर दोन पानं आणि तळटिपा अडतीस पानं होत्या, म्हणून हे नाव. त्यांनी सवयीनं पहिल्या पानाच्या तळाशी टीप शोधली. सापडली नाही, म्हणून पान उलटलं. तिथेही नव्हती. असं करत करत ते पुस्तक घरी घेऊन गेले.

दोन दिवस ते फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सुजलेल्या डोळ्यांनी. “सर्दी,” एवढंच म्हणाले, पुस्तक कपाटात ठेवलं आणि बैठकभर खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी विभागप्रमुखांनीच तोडगा काढला. बाईंसमोर त्यांनी एक कागद सरकवला : ‘मी प्रमुखांच्या शोधनिबंधामुळे रडले.’

“यावर सही करा, बाई. महिनाअखेरीला तुमचं काम झालंच म्हणून समजा.”

“हे खोटं आहे सर.”

“खोटं कसं? निबंध चालू असतानाच रडलात ना?”

“नोकरीसाठी मी असल्या कागदावर सही करणार नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. दारापर्यंत पोचल्या आणि कपाटापाशी घुटमळल्या. काचेतून पुस्तक दिसत होतं.

“सही केली तर हे मिळेल?”

“आत्ता.”

बाईंनी उभ्याउभ्याच सही केली. तत्त्वाचं माणूस कुठे वाकेल, खरंच सांगता येत नाही.

बाई कायम झाल्या, शिवाय ‘भावनिक प्रतिसाद संशोधन कक्षा’च्या समन्वयकही. हजेरीपटात आता अश्रूंचा रकाना असतो. गेल्या परिसंवादात बासष्ट टक्के श्रोते रडले (बाकीच्यांनी पूर्वपरवानगी घेतली होती).

सहीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टीप-सर बाईंच्या खोलीत गेले. दार अर्धवट उघडं होतं. बातमीच्या आशेनं मी बाहेर थांबलो.

“मरायच्या आधी धाकटीनं सांगून टाकायला हवं होतं हो,” सर म्हणत होते.

“थोरलीनं ऐकलं असतं?”

“ऐकलं असतं! का नाही ऐकणार?” मग जरा वेळानं, “माझ्या भावानं नाही ऐकलं, ते वेगळं.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. तासभर दोघं बोलत होते, चहा तसाच गार झाला. बातमी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. अध्यक्ष नाही, फलक नाही, आभारप्रदर्शन नाही. मी परत आलो.

वाचकहो, आमच्या विभागाला आपण मनातल्या मनात हसला असाल. खुशाल हसा. पण समिती, कपाट, सही, बढती, सगळं आपण अगदी लक्ष देऊन वाचलंत, आणि त्या कादंबरीचं नाव काय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. विभागात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज जरूर करा.