शुक्रवारच्या सौनाची पाळी आणि शून्याचा पाडाव

मुलूख फिनलंड, शहर टांपेरे, येथील सत्तावीस घरांच्या इमारतीत सौनाच्या पाळीवरून जे रण माजले, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. अधिक लिहावे, तर या मुलखाची माणसे तितके बोलतच नाहीत.

तळघरी सौना, म्हणजे कढत वाफेचे न्हाणीघर, एक, शुक्रवार सायंकाळच्या पाळ्या अवघ्या तीन, शेवटची सातला, आणि अभिलाषा सर्वांस; म्हणोन एकोणिसाव्या घरचे संगणकविद्यानिपुण राजश्री तार्मो लेहतिसारी यांणी विडा उचलिला, आणि ज्याचा मुक्काम जुना त्याचा मान पहिला ऐसा दस्तुर घालोन रहिवाशांचा संग्रह संगणकात सिद्ध केला, आणि चाचणीस्तव प्रथम आपलेच नाव आत घातले. मग तुलनेची तजवीज ऐसी की, दोघांच्या आगमनाच्या तारखा ताडोन पाहाव्या आणि बरोबरी जाहल्यास शून्य म्हणावे. आणि संग्रहाचा शिरस्ता ऐसा की, शून्य आले म्हणजे दोघे एकच असामी, दुसऱ्यास दरवाजा बंद. या मुलखात तमाम खलक महिन्याच्या पहिल्या तारखेसच घर बदलते, हे रायांस ठाऊक होते. ते स्वतः ज्या एक जूनला आले त्याच दिवशी तिसऱ्या घरच्या इंपी कुओप्पाला बाईसाहेब आल्या, आणि दोहोंच्या सामानाच्या गाड्या एकाच दारी अडकल्या होत्या. तथापि ध्यानी आले नाही.

यादी जिन्यात लागली. शुक्रवारी सातला तार्मोराय. बाईसाहेब कोठेच नाहीत. मग बाईंनी यादीशेजारी खलिता डकविला: "इंपी कुओप्पाला जिवंत आहे. शुक्रवारी सातला तळघरात येऊन खात्री करावी."

राय तातडीने तिसऱ्या घरी रुजू जाहले.

"तार्मो, तुझ्या यंत्राच्या मते मी मेले का रे?"

"नाही हो इंपीताई. तुम्ही म्हणजे मीच, असं त्याचं म्हणणं आहे."

"बरं झालं. मग हे दुखरे गुडघेही तूच घेऊन जा."

मग तीन दिवस घनघोर मसलत होऊन एक ओळ वाढविली: तारीख बरोबर असता घराचा नंबर पाहावा, लहान तो पुढे. शून्य शिकस्त खाऊन पळाले. परंतु तीन हे एकोणिसाहून लहान, हे तेव्हां उमगले. नंबर उलटे ताडावे ऐसा मोह रायांस जाहला, आणि खलिता अद्याप जिन्यात होता, म्हणोन मोह आवरिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शुक्रवारी सातला बाईसाहेब वरच्या फळीवर गुडघे शेकीत बसल्या; विजयी वीरांस, शुक्रवार भरल्याने, उरलेली मंगळवार, दुपारी तीनची पाळी बहाल जाहली. मोहीम संपूर्ण.