उकंड्याचं बारावं प्रकरण

महाराष्ट्रातल्या तमाम पोरांची झोप उडवील अशी कादंबरी लिहायची, हे विमलताईंनी ठरवूनच टाकलं होतं! साल बासष्ट. केळापूरजवळच्या त्या खेड्यात शाळामास्तरीण म्हणून येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. एकट्या बाईमाणसाकडे उगाच कशाला जायचं, म्हणून गावातलं कुणी त्यांचा उंबरा ओलांडत नसे. "नमस्कार बाई" म्हणायचं आणि रस्त्याची दुसरी कड धरायची! शाळा सुटली की ताईंशी बोलायला स्टोव्ह तेवढा उरायचा, आणि तोही फुरफुरण्यापलीकडे काही बोलत नसे.

म्हणून उकंड्या जन्माला आला. वय बारा, अक्कल चोरांच्या आजोबाची! शेवटच्या बाकावर बसून तो पाताळातल्या नागराजाचा खजिना लुटायचे बेत रची. पहाऱ्यावरच्या नागांना खोटे हुकूम धाडी, यक्षांची आपसांत भांडणं लावी. बघता बघता अकरा प्रकरणं झाली. पण ऐकवायची कुणाला? ताईंनी एकदा भिंतीवरच्या पालीला वाचून दाखवलं. ती दुसऱ्या प्रकरणातच निघून गेली.

पक्की प्रत झाल्यावर कच्ची त्यांनी रामलालच्या दुकानात रद्दीला दिली. आणि तिथंच घोटाळा झाला!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात शेजारच्या गल्लीतले डोमाजी. हातात तंबाखूच्या पुडीचा उलगडलेला कागद.

"बाई, हे अक्षर तुमचंच न? रामलालनं वाचून दाखोलं मले."

सातव्या प्रकरणाचं पान! 'गावाबाहेरच्या जुन्या विहिरीजवळ, चिंचेपासून एकवीस पावलं उगवतीला, सोन्याचे सात रांजण...'

"माझंच. पण ती गोष्ट आहे हो. मी रचलेली."

"आता तुम्ही असंच म्हनान!" डोमाजी समजुतीनं हसले. "गुप्तधन ठावं असलेला मानूस कधी कबूल करते काय?"

दुसऱ्या संध्याकाळी अंगणात पाच माणसं, तिसऱ्या संध्याकाळी पंधरा. शकुबाईनं सूपभर भाजलेल्या शेंगा आणल्या. "बाई, पयल्यापासून वाचा. काही सोडू नका!"

पहिल्या दिवशी ताईंनी बजावून सांगितलं होतं, हे सगळं खोटं आहे. दुसऱ्या दिवशी जरा हळू सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर त्यांनी ते राहू दिलं. दीड वर्षात पहिल्यांदा अंगण भरलं होतं!

नागराजाच्या मिश्यांना उकंड्या गाठ मारतो, तो प्रसंग लिहिताना ताई एकट्याच खो खो हसल्या होत्या. आता कुणी हूं की चूं केलं नाही. पुढेच बसलेली रुक्माबाई तेवढी म्हणाली, "ते जाऊ द्या बाई. एकवीस पावलं लेकराची का मोठ्या मानसाची?"

"लेकराची. बारा वर्षांचा आहे ना तो."

एवढं ऐकलं मात्र, सातवं प्रकरण अर्ध्यात टाकून सगळे उठले!

रविवारी सारा गाव विहिरीवर. नारळ फुटला, लिंबू कापलं. उकंड्याच्याच पावलांनी मोजायचं ठरलं, पण गावातल्या तीन उकंड्यांपैकी धाकटाही पन्नाशीचा, डोमाजींचा साडभाऊ. त्यालाच गुडघे वाकवून चालवलं! पुरुषभर खड्डा झाला तेव्हा कुदळ ठण्णकन वाजली. आरडाओरडा! निघाला एक फुटका माठ. आत माती.

"बाई, रांजण कुठी हायेत?" डोमाजींनी घाम पुसत विचारलं.

"ते तर नवव्या प्रकरणातच उकंड्यानं पळवले! तुम्ही सातव्यातच उठून गेलात."

डोमाजींनी हातातली कुदळ खाली ठेवली.

"म्हंजे... खरंच गोष्ट व्हय?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"अन् तिसऱ्या दिवशी काहून नाही सांगतलं?" रुक्माबाईनं विचारलं. कुदळी खांद्यावर टाकून गाव घरी गेला. साडभाऊ तेवढा अजून वाकूनच चालत होता.

त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. अंगणातली शेंगांची टरफलं ताईंनी चार दिवस झाडलीच नाहीत. त्यांना फार एकटं वाटलं, पूर्वीपेक्षाही जास्त. आपलं अंगण भरलेलं कसं दिसतं, हे आता माहीत झालं होतं ना!

पाचव्या दिवशी त्यांनी अंगण झाडलं आणि दौत पुढे ओढली. प्रकरण बारावं. 'एवढे रांजण दडवायचे कुठे? उकंड्यानं खूप विचार केला. मग ते त्यानं शाळेच्या बाईंच्या अंगणात पुरले, तुळशीपासून चार पावलं मावळतीला...'

शाई वाळताच ताई रामलालच्या दुकानी पोचल्या.

"रद्दी? बाई, एकच पान?"

"एकच. पण डोमाजींच्या तंबाखूलाच वापरा."

आणि परतताना शेरभर शेंगा घेतल्या. पाहुणे यायचे होते!