वरपक्षाला सात, कॅमेऱ्याला शून्य

कुठे जायचं ते मागाहून पाहता येतं. आधी कोणी जायचं हे एकदा ठरलं की समाज सुव्यवस्थित म्हणावा. सिरुसेरीच्या एका कंपनीत एकवीस वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्या शेषगिरींची यावर गाढ श्रद्धा होती. म्हणून लेकीच्या, रंजनीच्या साखरपुड्याला टी. नगरच्या हॉलमधला नेटवर्कचा स्विच त्यांनी स्वतः लावायला घेतला. (हॉलवाल्यांचा माणूस होता. पण त्याला मानपान काय कळणार!)

स्विच ही चोवीस दारांची सोशिक पेटी. कुठल्या दारामागं कोण राहतं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडून शिकते. पत्ता ठाऊक नसला की आलेली फ्रेम, म्हणजे माहितीचं पुडकं, साऱ्या दारांवर पाठवते. (रंजनीचं स्थळ याच पद्धतीनं मिळालं.) दाटी झाल्यावर आधी कोणाला सोडायचं, ते मात्र माणसानं सांगायचं असतं: शून्य ते सात. सातची रांग संपल्याशिवाय खालच्यांनी हलायचं नाही, असंही बजावता येतं. शेषगिरींनी बजावलं.

वरपक्षाच्या सोफ्यांजवळचा वायफाय सात. राममूर्तीकाका बसतील तो कोपरा सहा, कारण ते रुसतात. जेवणाचा हॉल पाच. मधले आकडे अजून न रुसलेल्यांसाठी राखीव. कॅमेरा शून्य.

"कॅमेऱ्याला शून्य?" त्यांच्या पत्नी वसंताबाईंनी विचारलं. "अहो, तंजावरला आई त्यातनंच पाहणार ना?"

आई म्हणजे शेषगिरींच्या आई, अंबुजाबाई. कंबरेचं हाड मोडून अंथरुणात होत्या, तरी नातीसाठी त्यांनी सकाळीच नवी साडी अंगावर घालून घेतली होती.

"आई घरचीच गं. घरच्यांनी पाहुणे उठल्यावर बसायचं."

"पंगत आहे का ही?"

"त्याहून शिस्तीची."

मुहूर्त अकरा वीसचा. त्या क्षणी वरपक्षाकडून चारशे बारा व्हिडिओ निघाले. बहुतेक शेजारच्या खुर्चीकडे. चारशे नवांत अंगठी होती. (उरलेल्या तिनांत काढणाऱ्याचा अंगठा.) पेटीनं एकही नियम मोडला नाही. कॅमेऱ्याच्या फ्रेमा दाराशी अदबीनं उभ्या राहिल्या, आणि जागा संपली तशा एकेक करून टाकून दिल्या गेल्या.

पहिली पंगत बसली तेव्हा तंजावरहून फोन आला.

"शेषू, पोरीचा हात पुढं आहे रे. कधीचा तसाच आहे. दुखेल की तिला."

"आई, झाला साखरपुडा. जेवायला बसले सगळे."



"परवाइल्ले, असू दे," आई म्हणाल्या. "हात तर बघितला. पाहुण्यांचं नीट झालं ना?"

"झालं."

शेषगिरींनी हॉलच्या वहीत शेरा लिहिला: यंत्रणा निर्दोष.

हसलात? हसा. पण हे वाचताना "थांब जरा, एवढं संपू दे" असं तुम्ही ज्या माणसाला म्हणालात, ते दारातून गेलं केव्हाच.