चाचांनी ठोकलेली पट्टी

गाळ जिभेला लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समुद्राच्या तळातला काळा, बुळबुळीत, वास मारणारा गाळ. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा उस्मानचाचा पाण्यात सोडायचे. गोळ्याच्या बुडाला साबण चोपडलेला असायचा, त्याला तळातली माती चिकटून वर यायची. ती बोटावर घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि थुंकून जाहीर करायचं, "नदीचा हाय. नवा हाय. आठवड्यात परत येल."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उलटी आली. मी मूळची कराडची, पोहता येत नाही, आणि सरकारने मला नेमलं कुठे, तर रायगडात, खाडीच्या तोंडावरच्या बंदरात. बंदराचं नाव सांगत नाही, नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. काम एवढंच: खाडीच्या तोंडाशी दरवर्षी गाळ साचून बोटींची वाट बुजते. ठेकेदाराच्या ड्रेजरने तो उपसायचा, मी खोली मोजून सही करायची. उस्मानचाचा आमच्या हापिसचे खलाशी. या गोष्टीच्या वेळी निवृत्तीला वर्ष उरलेलं, लुंगीवर सरकारी शर्ट, दाढीला मेंदी. मॅडम वगैरे भानगड त्यांनी ठेवलीच नाही. पहिल्या दिवसापासून मी 'बाय'.

त्यांचा एक पेटंट प्रश्न होता. काहीही सांगा, चाचा विचारणार, "हात लावलास काय?" पापलेट ताजं आहे म्हटलं, हात लावलास काय? टाकीत डिझेल आहे म्हटलं, हात लावलास काय? एकदा साहेबांनी फोनवर सांगितलं की नवीन जेटी मंजूर झाली. मी आनंदाने ओरडले. चाचा जाळ्याची गाठ सोडवत म्हणाले, "मंजुरीला हात लावलास काय?" ती जेटी अजून यायची आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही.

यंत्रावर तर त्यांचा राग होता. आमच्या लाँचवर आवाज पाण्यात सोडून खोली मोजणारं यंत्र आहे. चाचा त्याला 'टकटक्या' म्हणत. टकटक्याने आकडा दाखवला की हे दोरी सोडणार, गाठी मोजणार आणि 'तीन वाव, वर वीत' असं काहीतरी जुन्या मापात पुटपुटणार. मी खेकसायचे, "चाचा, सरकार मीटरमध्ये चालतं!" ते शांतपणे म्हणायचे, "म्हनून तर चालत न्हाय."

आता पट्टीचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, मग वाट किती खोल हे ठरवायचं कसं? त्यासाठी जेटीच्या खांबावर आकडे लिहिलेली एक लांब पट्टी ठोकलेली असते. यंत्राने मोजलेल्या खोलीतून पट्टीवरचं पाणी वजा करायचं, उरेल ती खरी खोली. साधं गणित आहे. पण पट्टी चुकून वर ठोकली गेली, तर ती पाणी कमी दाखवते, वजाबाकी कमी होते, आणि न उपसलेली वाट कागदावर फुकटात खोल होते.

काम संपत आलं असताना एक बोट त्या खांबाला घासली आणि पट्टी निखळली. चाचांनी अर्ध्या तासात परत ठोकली. नियमाप्रमाणे मी लेव्हलचं यंत्र लावून तिची उंची तपासायला हवी होती. पण चाचांनी ठोकलीय म्हटल्यावर मी चहा प्यायला बसले. हे माझं पाप, आधीच लिहून टाकते.

शेवटची मोजणी झाली. आकडे असे सुंदर की मलाच कौतुक वाटलं. सहीच्या दिवशी सकाळी वाऱ्याचा इशारा आला: संध्याकाळपासून समुद्र खवळणार, सगळ्या बोटींनी परत यावं. आमच्या तेवीस बोटी बाहेर होत्या, मासळीने भरलेल्या, म्हणजे पाण्यात खोल बसलेल्या. ठेकेदाराचा सुपरवायझर पाटणकर वायरलेसवर बोटींना सांगत होता, "वाट मोकळी आहे, ओहोटीतसुद्धा बिनधास्त या." ड्रेजरला वाऱ्याच्या आधी निघायचं होतं. एकदा गेला की पावसाळा संपेपर्यंत तोंड दाखवणार नव्हता. पाटणकर माझ्यापुढे कागद धरून उभा. "मॅडम, सही करा, कॅप्टन शिव्या देतोय."

आणि चाचा? चाचा दोन दिवस भुतासारखे जेटीच्या पायऱ्यांवर बसलेले. दर तासाला एकच विचारायचं, "बाय, पट्टी काय दावते?"

"तुम्हीच बघा की! समोर तर आहे."

"सांग ना गो."

त्या सकाळीही तेच. मी पेन उघडलं होतं. चाचा खालून तिसऱ्या पायरीवर अनवाणी उभे, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. "बाय, पट्टी काय दावते?"

मी वैतागून ओरडले, "ऐंशी! ऐंशी सेंटीमीटर! आता गप्प बसा!"

चाचा गप्प बसले नाहीत. ओल्या पायांनी वर आले. चेहरा असा उतरलेला की माझा हात थांबला.

"सही नको करू," ते म्हणाले. "या पायरीवर घोटाभर पानी असलं, तं पट्टीवर एकशेवीस पायजे. तीस वर्सं बगतोय. पट्टी हातभर वर हाय."

पाटणकर हसला. "चाचा, पट्टी तुम्हीच ठोकली ना?"

"व्हय. मीच ठोकली." चाचा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "खांबावरची रंगाची खूण दिसली न्हाय बाय. हातानं चाचपली. जुना खिळा लागला, त्याच्यावर ठोकली. तो खिळा पडली तिच्याबी आदीच्या पट्टीचा असनार. मना आता आकडे दिसत न्हायत. दोन वर्सं झाली."

खरं सांगते, मला आधी दया नाही आली. संताप आला. दोन वर्षं हा माणूस मला आकडे विचारतो आणि मला वाटतं म्हातारा टाइमपास करतोय! मी लेव्हलचं यंत्र खांद्यावर मारलं, जेटीच्या दगडावरच्या कायमच्या सरकारी खुणेपासून पट्टीपर्यंत मोजलं. खात्री करायला दोनदा मोजलं. एक्केचाळीस सेंटीमीटर. दोन्ही वेळेला.

बाहेर पहिल्या तीन बोटी वाटेच्या तोंडाशी येऊन पोचल्या होत्या. भरलेल्या बोटी, पडतं पाणी आणि मागून फुगत चाललेली लाट. तळ लागला की बोट आडवी होणार, मागची तिच्यावर येणार. मी पाटणकरच्या हातातून वायरलेस हिसकावला. "थांबा! कोणी आत येऊ नका! भरती लागेपर्यंत बाहेरच राहा!" पलीकडून ज्या शिव्या आल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. साहेबांचा फोन आला, त्यांच्या शिव्या इंग्रजीत होत्या. ड्रेजरच्या कॅप्टनला मी सांगितलं, "काम अपुरं आहे, सही मिळणार नाही, निघायचं तर निघा." सहीशिवाय बिल निघत नाही, म्हणून तो हलला नाही. खाडीत आत नांगर टाकून बसला.

तीन तास. किनाऱ्यावर बायका जमल्या. वारा वाढत चाललेला. पाणी चढलं तसे चाचा लाँचच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसले. दोरी हातात, गाठी बोटांखाली. लाँच पुढे, बोटी एकामागे एक, आणि चाचांचा आवाज, "दोन वाव! दोन वाव, वर वीत! डावीकडं घे, डावीकडं!" मी पोहता न येणारी बाई, कठडा धरून देवाचं नाव घेत होते. तेविसावी बोट आत आली तेव्हा मी खाली बसले आणि मोठ्याने रडले. लाज कसली त्यात?

वारा ओसरल्यावर ड्रेजरने आणखी चार दिवस उपसा केला. मी अहवाल लिहिला, चुकीखाली दोघांची नावं घातली. चाचांना वाचून दाखवला. "बरोबर हाय," म्हणाले. मग हळूच, "मना घरी बसवतील काय गो?"

चौलला त्यांचं घर आहे. मी तोवर कधी गेले नव्हते, त्या संध्याकाळी गेले. थोरला मुलगा कुवेतला, धाकटा कतारला, चाची जाऊन पाच वर्षं झालेली. पाच खोल्यांतल्या चार कुलपात.

"मोतीबिंदू आहे नुसता!" दिव्याखाली त्यांच्या डोळ्यांतला पांढुरका पडदा बघून मी भडकले. "ऑपरेशन फुकट होतं तुमचं. दोन वर्षं काय करत होतात?"

"दोनदा गेलतो अलिबागच्या सरकारी दवाखान्यात." ते लुंगीचा काठ चाचपत राहिले. "सोबत घरचा मानूस आना म्हनतात. त्याबिगर घेत न्हायत. मंग मी कोन नेऊ?"



दुसऱ्या सोमवारी मी रजा टाकली आणि रिक्षा करून त्यांना अलिबागला घेऊन गेले. रस्ताभर बडबडत होते मी, ते ऐकत होते. खिडकीवरच्या बाईने अर्ज ओढला. "सोबत कोण? नातं काय?"

चाचा अडखळले. खालच्या आवाजात म्हणाले, "हापिसातल्या मॅडम हायत."

"मुलगी लिहा," मी म्हटलं.

तिने एकदा उस्मान हे नाव वाचलं, एकदा माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं. "अहो पण..."

"लिहा म्हणते ना!"

तिने लिहिलं. आतून नर्स आली, तिने त्यांचा दंड धरला. दारापाशी ते थांबले, आणि मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने तिला सांगू लागले, "आमची बाय जरा तापट हाय. सकाळपासून काय खाल्लं न्हाय तिनं. तिला चा द्या कुनीतरी."