निळी स्कूटी, डबा घेतला का?

आमच्या ब्राह्मणपाऱ्यातले ढोककाका कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. ते वाहतूक पोलिसात हवालदार. दिवस जातो तेलीबांधाच्या चौकात माइक धरून, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी त्यांना रंग दिसतो. सकाळी त्यांच्या घरातून ऐकू येतं, "हिरवी साडी, पोहे इकडे घ्या. सहयोग करा!" काकू आतून ओरडतात, "काहून ओरडून राहिले? मी काय ट्रक आहो?"

पूर्वी काका दांडा आपटायचे. मग खात्याने शिबिर घेतलं, जनतेशी गोड बोला म्हणून. तेव्हापासून ते इतकं गोड बोलतात की लोक घाबरतात. "लाल मोटरसायकलवाले भैया, कृपया पीछे हो जाइए, आपका दिन शुभ हो," असं ऐकलं की तो बिचारा आधी खिशातलं लायसन चाचपतो.

तेलीबांधाला मला नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, अशी मी माझ्या निळ्या स्कूटीवर त्या सिग्नलला थांबले आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असा, या हिंदी बोलणाऱ्या शहरात चक्क मराठीत, प्रश्न आला. "निळी स्कूटी, डबा घेतला का?"

मी गोंधळले. गल्लीत हा माणूस माझ्याशी 'गुलाबी ओढणी, बाजूने चाला' यापलीकडे बोलत नाही. काही न सुचून मी मान हलवली. "शाब्बास! हळू जा."

शेजारचा ऑटोवाला हादरला. "दीदी, क्या पूछा?"

"टिफिन लिया क्या."

"अब टिफिन का भी चालान कटेगा?"

मग ते रोजचंच झालं. एकदा विचारलं, खोकला गेला का? मला खोकला झालाच नव्हता. तरी मान हलवली. पोलिसाला नाही कोण म्हणणार?

शेवटी काकूंना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या सुषमाने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. पण तिची ऑफिसची वाट त्याच चौकातून, आणि स्कूटीही निळीच. काका माइकवरून विचारायचे, ती मान हलवायची. एवढंच काय ते बोलणं.

"आता जावयाची बदली झाली, पोट्टी बिलासपूरले गेली. ह्यायले मी सांगतलंच नाही. तू हलवत जा व मान."

मला काही ते पचेना. बापाला असं फसवायचं? आणि खरं सांगितलं तर त्यांचं काय होईल? तरी एका संध्याकाळी काका ओट्यावर बूट पुसत बसलेले पाहून धीर केला. "काका, ती निळी स्कूटी..."

"मले माहीत आहे," बुटावरून नजर न काढता ते म्हणाले. "सुषमाची स्कूटीवर बसाची ढब येगळी. पहिल्याच दिवशी समजलं."

"मग रोज मला काहून विचारता?"

"तू मान हलवतेस ना."

काकांनी घराकडे पाहून आवाज खाली आणला.

"काकूले नको सांगू. मले माहीत नाही असं समजून ती न्हाणीत जाऊन पोरीले फोन करते. तिले कमी ऐकू येते, फोनचा आवाज मोठा ठेवते. तेवढा वेळ मी टीव्ही बंद करतो. दारातून पोट्टीचा आवाज येते थोडासा."