काकांची गुलाबी गोळी

दत्ताकाकांनी गोळी तळहातावर घेतली, खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली आणि सुनेच्या हातात परत ठेवली.

"ही माझी नाय."

"तुमचीच हाय, बाबा. बीपीची," वनिता म्हणाली.

"माझी गुलाबी असते. ही पांढरी हाय."

"औषध तेच हाय. नुसता रंग वेगळा."

"नुसता रंग?" काका खुर्चीत ताठ झाले.

हमरापुरात ज्या माणसाने चाळीस वर्षं गणपतीचे डोळे आखले, त्याच्यापुढे रंगाला 'नुसता' म्हणणं हा गुन्हाच होता. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना होता. तिथे पांढरी मूर्ती म्हणजे कच्ची मूर्ती. रंग चढला, डोळे आखले, की मूर्ती पक्की. काकांचं सगळं जग याच हिशेबाने चालायचं.

"पांढरा म्हंजे कच्चा माल," काकांनी निकाल दिला. "कोणीतरी अर्धवट सोडलेली गोळी तू माझ्या पोटात घालतेस? मी घेणार नाय."

खरं तर ही गोळी घरात आली तेव्हा सगळ्यांना आनंदाने नाचावंसं वाटलं होतं. काकांचा मुलगा भरत डोलवीकडच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. त्याच्या विम्याच्या कार्डावर काकांना औषध फुकट मिळायचं. मग ठेकेदार बदलला. तेच गेट, तीच शिफ्ट, डोक्यावर तेच हेल्मेट, पण जुनं कार्ड बंद पडलं आणि नवं चालू व्हायला दोन महिने लागणार होते. भरतने पेणला मेडिकलमध्ये गुलाबी गोळीची किंमत विचारली आणि हातातला गोळ्यांचा पत्ता, फुटेल की काय अशा बेताने, परत काउंटरवर ठेवला. डॉक्टरांनीच मग सांगितलं, की हेच औषध स्वस्तातल्या सरकारी दुकानात मिळतं, नाव आणि रंग वेगळा, गुण तोच. वनिताची बहीण पूजा रोह्याला राहायची. तिने तिथल्या दुकानातून दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या, एसटी पकडली आणि विजयी वीरासारखी हमरापुरात उतरली. एवढं सगळं झालं, आणि म्हातारा म्हणतो कच्चा माल!

दोन दिवस काकांनी गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी गावच्या आशा सेविका सीताबाई बीपी मोजायला आल्या. यंत्राकडे पाहून त्यांच्या भुवया पदराला टेकल्या.

"एकशे ऐंशी! काका, गोळी बंद केली काय?"

"बंद कुठली? माझी गोळी अजून आलीच नाय."

सीताबाईंनी वनिताला ओट्याशी गाठलं. "एक दिवस पण चुकवू नको गो. झटका आला म्हंजे हात जाईल, वाचा जाईल. मग बसशील रडत."

लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा ब्रश धरता येत नव्हता. काकांनी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं, एकदाही न ओरडता. तो हात लुळा पडलेला तिला डोळ्यांसमोर दिसायला लागला. दुपारी ती त्याच तंद्रीत एका पांढऱ्या मूर्तीवर स्प्रेगनने रंग मारत होती. पाच मिनिटांत मूर्तीचे गाल गुलाबी झाले, पोट गुलाबी झालं. वनिताने एकदम गन बंद केली आणि पूजाला हाक मारली. बहीण अजून परत गेली नव्हती.

"पूजे, गोळी रंगवली तर?"

"अगो, विष घालतेस काय सासऱ्याला?"

"हा रंग नाय गो! खायचा. जिलबीत घालतात तो!"

दोघी बहिणींना भलताच जोर चढला. पूजा पेणच्या बाजारात जाऊन खायचा रंग घेऊन आली. पहिल्या गोळीला ब्रश लावला, तिचं पीठ झालं. दुसरीचंही तेच. मग वनिताने नवी कोरी गन काढली, हवा कमी केली, हातभर लांबून नुसती वाफ येईल इतपत रंग सोडला आणि वर पंखा लावला. फळीवर गुलाबी गोळ्यांची रांग उभी राहिली. जुन्या गोळीवर मधोमध रेघ होती, तीही या गोळीवर होतीच. पूजाने एक उचलून पाहिली आणि टाळी वाजवली.

संध्याकाळी काकांनी गोळी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हां! ही माझी. कुठे मिळाली?"

"लय फिरावं लागलं, बाबा," वनिता म्हणाली. यात खोटं फारसं काही नव्हतं.

आठवड्याने सीताबाईंच्या यंत्राने एकशे चौतीस दाखवले. वनिताने देवापुढे साखर ठेवली. भरतने शिफ्टवरून फोन करून आकडा दोनदा विचारला. इथेच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण काका पारावर गेले.

"माझ्या सुनेनं खरी गोळी मिळवली," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. "नायतर आजकाल पांढऱ्या कच्च्या गोळ्या देतात. खाऊ नका रे बाबांनो!"

आळीतल्या बऱ्याच घरांतला कर्ता त्याच ठेकेदाराकडे होता. सगळ्यांची कार्डं बंद, सगळ्यांनी पूजाचं ऐकून रोह्याहून गोळ्या आणलेल्या. दुसऱ्या दिवशी आळीतल्या म्हाताऱ्यांनी संप पुकारला. ज्याला निळी मिळायची त्याला निळी हवी, पिवळीवाल्याला पिवळी. आणि पूजाचं तोंड काय बंद राहतंय! दुपारी मागच्या दाराशी सुनांची रांग लागली, प्रत्येकीच्या पदराखाली डबी.

"माझ्या सासूची पिवळी. लिंबासारखी नको, हळदीसारखी कर."

शेजारचा मोरू आला तो आपल्या आतेची डबी घेऊन. "जानीआतेची साखरेची गोळी. तिची पण गुलाबीच व्हती गो."

वनिता आधी नको नको म्हणाली. पण एकेका म्हाताऱ्याची साखर चढतेय, बीपी चढतंय, हे ऐकून तिला राहवेना. शिवाय खरं सांगायचं तर तिला मजाही येत होती. शेडमध्ये गणपती पांढरेच राहिले आणि फळीवर गुलाबी, पिवळ्या, निळ्या गोळ्या वाळू लागल्या. कुठली कोणाची ते तिने खडूने फळीवर लिहून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी जानीआते मोरूवर विसंबून न राहता स्वतःच आल्या. ओटीवर काका भेटले.

"माझी गुलाबी गोळी घ्यायला आले," आते म्हणाल्या.

"तुला पण गुलाबी? चल, आत असेल वनिता. बघू तरी तुझी कशी हाय ती."

दोघं थेट शेडच्या दारात. वनिताने पाहिलं, गन टाकली, फळी उचलून मूर्तीमागे लपवायला धावली आणि गनच्या नळीत पाय अडकला. फळी उलटली. दीडदोनशे गोळ्या उड्या मारत जमिनीवर पसरल्या. काही कॉम्प्रेसरखाली गेल्या, एक जाऊन गणपतीच्या मांडीवर बसली.

नेमक्या त्याच वेळी सीताबाई पिशवी सांभाळत दारात येऊन थांबल्या.

जानीआतेंनी खाली वाकून एक गुलाबी गोळी उचलली. घामेजल्या अंगठ्यावर रंग उतरला. खाली उरली पांढरी गोळी. आतेंनी ती काकांपुढे धरली. काकांनी गोळी पाहिली, आतेंचा अंगठा पाहिला, मग सुनेकडे पाहिलं.

"तू रंगवल्यास?"

वनिताने मान डोलावली.

"यातली बीपीची कोणती, साखरेची कोणती?" सीताबाईंनी विचारलं.

कोणालाच सांगता येईना. दोन्ही गोल, दोन्हीवर रेघ, दोन्ही गुलाबी. सीताबाईंनी कोपऱ्यातली बादली ओढली. "भरा सगळ्या यात. एक पण ठेवू नका. अगो, औषधाला कोणी हात लावतं? काकांच्या पोटात साखरेची गेली असती, आतेच्या पोटात बीपीची, मग?"

हे मात्र वनिताच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती रडायला लागली. "तुम्ही घेत नव्हतात, बाबा. मला भीती वाटली. तुमचा हात गेला असता तर मी काय केलं असतं?"

काकांचा पारा चढलेला होता. आळीभर आपण ज्या गोळीची जाहिरात केली ती जिलबीच्या रंगाची निघाली, हे त्यांना फार लागलं होतं. ते बोलायला तोंड उघडणार तोच सीताबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि तिथेच, गणपतींच्या मधोमध, बीपी मोजलं.

"एकशे तीस. इतके दिवस काय खाल्लंत, काका? पांढरीच ना? मग बीपी कोणी उतरवलं? रंगानं?"

काकांनी बादलीतली एक गोळी उचलली, अंगठ्याने तिचा रंग पुसला आणि परत टाकली.

भरतने त्याच संध्याकाळी रोहा गाठलं. आळीभरच्या चिठ्ठ्या त्याच्या खिशात होत्या. दुसऱ्यांदा सगळं घेऊनही काकांचं औषध पेणच्या एका गुलाबी पत्त्यापेक्षा स्वस्तच पडलं. परत आला तेव्हा ओटीवर सगळी आळी जमली होती. म्हातारे काकांच्या तोंडाकडे बघत होते. काका घेतात की नाही यावर सगळ्यांचं ठरणार होतं.

काकांनी पत्ता स्वतः फोडला. पांढरी गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाणी प्यायले.

"बघता काय? घ्या!" ते ओरडले. "मला विचारा. मी खाऊन बघितली हाय. माणसानं गुण बघावा, रंग काय बघता?"

त्या दिवसापासून काका पांढऱ्या गोळीचे असे प्रचारक झाले, की त्यांच्यापुढे सीताबाईंना बोलायला जागा मिळेना. पाहुणे आले की आधी गोळी दाखवायची, मग चहा. वनिताला त्यांनी पुन्हा कधी त्या रंगाबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. उलट, रंगाचा इतका पातळ हात तिला कधी जमला, असं एकदा कौतुकाने विचारलं.

दोन महिन्यांनी भरतचं नवं कार्ड चालू झालं. शिफ्ट सुटल्याबरोबर त्याने औषध घेतलं आणि गाडी दामटत घरी आला. उंबऱ्यातूनच तो ओरडला, "बाबा, आली! तुमची गुलाबी! फुकट!"

वनिता हात पुसत बाहेर आली. काकांनी चष्मा लावला, पत्त्यातली गोळी काढली, बोट पाण्यात बुडवून तिच्यावर चोळलं, उजेडात धरली. मग त्यांनी आधी मुलाकडे आणि मग सुनेकडे पाहिलं.

"रंग झकास बसलाय. अजिबात सुटत नाय."

"बाबा, ही खरीच हाय! कंपनीच्या कार्डावरची!"

"वनितानं दिलेली पण खरीच वाटली व्हती."

"देवाशपथ, बाबा, ही मी नाय रंगवली!" वनिता कळवळून म्हणाली.

"मग दुसऱ्या कोणी रंगवली," काका म्हणाले आणि गोळी भरतच्या हातात परत ठेवली. "मला आता कोण फसवू शकत नाय. पांढरी आण."

भरतने बापाकडे पाहिलं, हातातल्या फुकटच्या गोळीकडे पाहिलं, आणि गाडीला किक मारून रोह्याची वाट धरली.